गोनिलेप्टिडी कुलाचे वर्गीकरण : रोएवर यांच्या पद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना

वर्गीकरण हे प्राणिशास्त्राचे पायाभूत अंग मानले जाते. तथापि वर्गीकरणाच्या ग्रंथांची समीक्षा आपल्याकडे क्वचितच होते. काव्याची समीक्षा होते, इतिहासग्रंथाची होते; परंतु एखाद्या प्राणिकुलाची जातीनिहाय मांडणी करणारा ग्रंथ म्हणजे एक प्रकारची नोंदवहीच, तिच्यात ग्रंथकाराचे मत असे काही नसते, असा समज विज्ञानशाखेच्या प्राध्यापकांतही रूढ आहे. प्रस्तुत लेखात हा समज एका उदाहरणाच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. हे उदाहरण म्हणजे दक्षिण अमेरिकेतील गोनिलेप्टिडी हे हार्वेस्टमनांचे कुल आणि कार्ल फ्रीडरिश रोएवर (१८८१-१९६३) या जर्मन अभ्यासकाने त्याची केलेली मांडणी होय. या मांडणीचे मूळ १९१३ मधील एका दीर्घ निबंधात आहे आणि तिचे विस्तृत रूप १९२३ साली येना येथून प्रसिद्ध झालेल्या ‘दी वेबरक्नेख्टे देर एर्डे’ म्हणजे ‘पृथ्वीवरील हार्वेस्टमन’ या १११६ पृष्ठांच्या ग्रंथात आढळते.

परिभाषेविषयी प्रारंभीच एक खुलासा आवश्यक वाटतो. आपल्या पाठ्यपुस्तकांप्रमाणे येथे ‘जाती’ हा सर्वांत लहान गट, अनेक जाती मिळून ‘प्रजाती’ आणि अनेक प्रजाती मिळून ‘कुल’ असा क्रम मानला आहे. वृत्तपत्रांतून ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास ‘जाती’ या अर्थाने वापरला जातो. त्या सवयीने हा लेख वाचल्यास पुढील सर्व युक्तिवाद उलटा वाटेल.

अभ्यासविषयाचा परिचय

हार्वेस्टमन हे ॲरॅक्निडा वर्गातील ओपिलिओनीस या गणाचे प्राणी होत. दिसावयास ते कोळ्यांसारखे असले तरी कोळी नव्हेत. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग एका बारीक कमरेने जोडलेले असतात. हार्वेस्टमनचे शरीर मात्र अखंड वाटते. त्यास रेशीम-ग्रंथी नसतात, विषग्रंथी नसतात, आणि बहुधा डोळ्यांची एकच जोडी पाठीवरील एका उंचवट्यावर बसविलेली असते. पायांच्या चार जोड्यांपैकी दुसरी जोडी चालण्यापेक्षा चाचपण्याच्या कामी अधिक येते. शत्रू जवळ आल्यास शरीराच्या कडेच्या ग्रंथींतून उग्र वासाचा स्राव सोडला जातो. ब्राझीलच्या ग्रामीण भागात यांना ‘बोकड-कोळी’ अशा अर्थाचे नाव आहे ते या वासामुळेच. जर्मन भाषेत हाच प्राणी ‘विणकराचा गडी’ ठरतो, तर लॅटिन ‘ओपिलिओ’ म्हणजे मेंढपाळ. मराठीत मात्र या गणासाठी सर्वमान्य असे नाव नाही. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या दगडाखाली किंवा झाडाच्या बुंध्यावर तो दिसला की ‘लांब पायांचा कोळी’ म्हणून आपण मोकळे होतो.

जगभरात या गणाच्या साडेसहा हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांपैकी आठशेहून अधिक जाती एकट्या गोनिलेप्टिडी कुलात येतात. विल्यम किर्बी या इंग्रज धर्मोपदेशक-निसर्गअभ्यासकाने १८१९ मध्ये ब्राझीलमधील ‘गोनिलेप्टिस होरिडस’ ही जाती वर्णिली आणि १८३३ मध्ये स्वीडिश अभ्यासक सुंडेवाल यांनी तिच्या नावावरून कुलाची स्थापना केली. या कुलातील अनेक नरांच्या चौथ्या पायाच्या बुडाशी असलेला भाग विलक्षण फुगलेला असतो व त्यावर, तसेच पुढील पायावर, काटे, आकडे आणि शिंगे यांची गर्दी असते. ‘होरिडस’ म्हणजे काटेरी, भयावह. हे विशेषण किर्बीने अनाठायी योजिलेले नाही. मादीच्या ठिकाणी हा शस्त्रसंभार नसतो अथवा नाममात्र असतो. कुलाचा मुख्य वास ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या अटलांटिक अरण्यात आहे, आणि तेथील कित्येक जाती एखाद्या डोंगररांगेपुरत्या मर्यादित आहेत.

रोएवर यांची पद्धत

रोएवर यांनी आपले आयुष्य या एका गणासाठी वेचले असे म्हणता येईल. आज ज्ञात असलेल्या हार्वेस्टमन-जातींपैकी जवळजवळ एक तृतीयांश जातींचे मूळ वर्णन त्यांच्या नावे आहे. १९३३ मध्ये ते ब्रेमेन येथील संग्रहालयाचे संचालक झाले. नाझी पक्षाचे ते सदस्य होते, हेही येथे नोंदविणे प्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र त्यांच्या राजकारणावरून त्यांच्या वर्गीकरणाचे मूल्यमापन करणे हा सोपा मार्ग आहे आणि तो प्रस्तुत लेखकास मान्य नाही. पद्धतीचा दोष पद्धतीतच दाखविता आला पाहिजे.

ही पद्धत थोडक्यात अशी. कीटकांप्रमाणेच या प्राण्यांच्या पायाचा शेवटचा भाग, टार्सस, लहान लहान तुकड्यांत विभागलेला असतो. पहिल्या पायाच्या टार्ससचे तुकडे पाच, सहा की सहापेक्षा अधिक, हे प्रथम पाहावयाचे. नंतर डोळ्यांच्या उंचवट्यावर काटा नाही, एक आहे, की जोडी आहे, हे पाहावयाचे. नंतर पाठीवरील कवचाचे जे आडवे पट्टे पडतात त्यांतील प्रत्येक पट्टा नि:शस्त्र आहे, की त्यावर मध्यभागी एक काटा आहे, की काट्यांची जोडी आहे, याची नोंद करावयाची. या नोंदींचे जे सूत्र तयार होईल ते सूत्र म्हणजे प्रजाती. हाती आलेल्या नमुन्याचे सूत्र आधीच्या कोणत्याही प्रजातीशी जुळले नाही तर नवी प्रजाती स्थापन करावयाची.

ग्रंथपालनाच्या क्षेत्रातील वाचकांना एक उपमा पटावी. समजा, एखाद्या ग्रंथालयात पुस्तके पृष्ठसंख्या, शिवणीचे टाके आणि मुखपृष्ठावरील रेघा मोजून कपाटांत लावली. कोणतेही पुस्तक कोठे ठेवावे याविषयी तेथील शिपायालाही कधी शंका येणार नाही. व्यवस्था काटेकोर असेल. आणि तरीही एकाच लेखकाच्या दोन कादंबऱ्या दोन मजल्यांवर जातील.

या पद्धतीत गणिताचा एक भाग आहे आणि टीकाकारांनी त्याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले दिसत नाही. टार्ससच्या तीन अवस्था, डोळ्यांच्या उंचवट्याच्या तीन अवस्था आणि चार पट्ट्यांच्या प्रत्येकी तीन अवस्था धरल्या, तर संभाव्य सूत्रे ३ × ३ × ८१ म्हणजे ७२९ होतात. अर्थात हा केवळ आकडेमोडीचा नमुना आहे. प्रत्यक्षात सर्व सूत्रे निसर्गात आढळत नाहीत, आणि रोएवर यांनी याखेरीज इतर लक्षणेही वापरली. परंतु आठशे जातींच्या कुलासाठी सातशेहून अधिक खणांची फडताळे आधीच करून ठेवली, तर बहुतेक खणांत एक-दोनच जाती पडणार हे उघड आहे. रोएवर यांच्या कित्येक प्रजातींत एकेकच जाती आहे, याचे कारण दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात शोधण्याची गरज नाही. ते या आकडेमोडीत आहे. एकच जाती असलेली प्रजाती नातेसंबंधाविषयी काहीच सांगत नाही. ती फक्त तेच नाव दोनदा उच्चारते.

लक्षणांची अस्थिरता

यापेक्षा गंभीर आक्षेप लक्षणांच्या स्वरूपाविषयी आहे. टार्ससच्या तुकड्यांची संख्या प्राण्याच्या वाढीबरोबर, प्रत्येक कात टाकण्यासरशी वाढत जाते. संख्या जितकी मोठी तितकी ती एकाच जातीच्या दोन प्राण्यांत भिन्न आढळण्याची शक्यता अधिक. नर-मादीत ती भिन्न असू शकते, आणि एकाच प्राण्याच्या डाव्या-उजव्या पायांतही असू शकते. काट्यांची स्थिती याहून वेगळी नाही. नरांचे काटे मादीपेक्षा मोठे असतात, आणि काही जातींत मोठ्या अंगाचे व लहान अंगाचे असे नरांचेच दोन प्रकार असतात. ज्या लक्षणांवर नरांमधील स्पर्धेचा एवढा प्रभाव आहे ती लक्षणे नात्याची साक्षीदार म्हणून कच्ची ठरतात; दोन दूरच्या शाखांतही ती स्वतंत्रपणे उत्पन्न होऊ शकतात आणि जवळच्या दोन जातींपैकी एकीत ती लोप पावू शकतात. पुढील काळातील पुनरावलोकनांत एकाच जातीची मादी व नर दोन निराळ्या नावांनी नोंदले गेल्याची उदाहरणे वारंवार उघडकीस आली, हे याच दोषाचे फळ आहे.

प्रस्तुत लेखकास या दोषाचा अनुभव एम.फिल.च्या काळात आला, तोही गोनिलेप्टिडीच्या संदर्भात नव्हे. भारतात हे कुल नाही. सह्याद्रीतील एका घाटात जुलै महिन्यात मिळालेला ॲसामिइडी कुलातील एक नमुना रोएवर यांच्याच अभिज्ञान-तक्त्यावर (ज्याला प्रयोगशाळेत आपण ‘की’ म्हणतो) तपासताना पहिल्या उजव्या पायाच्या टार्ससचे तुकडे पाच भरले आणि डाव्या पायाचे सहा. तक्त्याप्रमाणे हा प्राणी उजवीकडून एका प्रजातीचा व डावीकडून दुसऱ्या प्रजातीचा होता. कोणता पाय खरा मानावा, या प्रश्नास तक्त्यात उत्तर नव्हते. ज्या महाविद्यालयात हे काम चालले होते तेथे मूळ जर्मन निबंध उपलब्ध नव्हता. कोणीतरी केलेल्या छायाप्रतीची छायाप्रत तेवढी होती आणि तीत नेमकी आकृतीची पाने काळवंडलेली होती.

चुकीच्या वर्गीकरणाचे परिणाम

मग बिघडले काय, असा प्रश्न अन्य शाखांतील प्राध्यापक विचारू शकतात. नावे चुकीच्या खणांत गेली, इतकेच ना? याचे उत्तर या प्राण्यांच्या वर्तनात आहे. गोनिलेप्टिडी कुलात संततिसंगोपनाचे विलक्षण वैविध्य आढळते. गोनिओसोमॅटिनी उपकुलातील ‘ॲक्युटिसोमा लाँगिपीस’ या जातीच्या माद्या साओ पाउलो राज्यातील सेर्रा दो जापी येथील गुहांच्या भिंतींवर आपल्या अंड्यांवर पहारा देत बसतात. याउलट ‘इपोरांगाइया पुस्तुलोसा’ या जातीत अंडी राखण्याचे काम नर करतो, आणि माद्या अंडी घालून निघून जातात. पित्याने संगोपन करणे ही प्राणिसृष्टीतील दुर्मीळ बाब आहे. ती या कुलात एकदाच उद्भवली की अनेकदा, मातृसंगोपनातून उद्भवली की संगोपनशून्य अवस्थेतून, हा उत्क्रांतिशास्त्रातील महत्त्वाचा प्रश्न आहे. मात्र त्याचे उत्तर पूर्णपणे वंशवृक्षावर अवलंबून आहे. वृक्षाच्या फांद्या काट्यांच्या संख्येवरून जोडल्या असतील, तर पितृसंगोपन किती वेळा उद्भवले याची मोजणी म्हणजे काट्यांचीच मोजणी होईल. वर उल्लेखिलेल्या ‘ॲक्युटिसोमा लाँगिपीस’चे संगोपनविषयक महत्त्वाचे संशोधन १९९८ मध्ये ‘गोनिओसोमा लाँगिपीस’ या नावाने प्रसिद्ध झाले होते, हे येथे लक्षात घ्यावे. ती जाती १९१३ मध्ये स्वत: रोएवर यांनीच वर्णिलेली आहे.

दुसरा परिणाम संरक्षणाशी निगडित आहे. अटलांटिक अरण्याचा मूळ विस्ताराच्या सुमारे ११ ते १६ टक्के भागच शिल्लक असल्याचा अंदाज २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्राणी दूरवर स्थलांतर करू शकत नाहीत. म्हणून अरण्याच्या कोणत्या भागात कोणत्या जाती केवळ तेथेच आढळतात, हे ठरविण्यासाठी २००५ पासून ब्राझीलमधील संशोधक हार्वेस्टमनांच्या नोंदी वापरीत आले आहेत. एकच जाती तीन नावांनी नोंदली असेल तर एका डोंगराचे वैशिष्ट्य तिप्पट वाटेल. तीन जाती एका नावाखाली असतील तर ते दिसणारच नाही.

अनुयायी, विरोधक आणि नवी साधने

रोएवर यांची पद्धत युरोपातून ब्राझीलमध्ये गेली ती कांदिदो द मेलो-लेइतांव (१८८६-१९४८) यांच्याद्वारे. ते मूळचे वैद्यक, पुढे रिओ दी जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयाचे प्राणिशास्त्रज्ञ आणि ब्राझीलमधील या विषयाचे आद्य पुरुष. अरण्य त्यांच्या दाराशी होते. ताजे प्राणी, नर-मादी दोन्ही, विपुल संख्येने त्यांना पाहता येत होते. ब्रेमेनमध्ये बसलेल्या रोएवर यांच्या तक्त्याचे दोष दाखविण्यास त्यांच्याइतका अनुकूल स्थितीत दुसरा कोणी नव्हता. तरीही १९३२ च्या ‘ब्राझीलचे ओपिलिओनीस’ या ग्रंथापर्यंत त्यांनी मुख्यत: त्याच चौकटीत खण वाढविण्याचे काम केले. प्रस्तुत लेखकास या इतिहासातील हा सर्वांत विचार करण्याजोगा भाग वाटतो. परक्या भूमीत तयार झालेला तक्ता आपल्या डोळ्यांसमोरील प्राण्यापेक्षा अधिक विश्वसनीय मानण्याची सवय केवळ ब्राझीलपुरती मर्यादित नाही.

प्रतिक्रियाही झाली, पण ती दुसऱ्या टोकाची. मेक्सिकोतील हार्वेस्टमनांचा अभ्यास करणाऱ्या गुडनाइट दांपत्याने १९५३ मध्ये, गोनिलेप्टिडीशी निकटच्या कॉस्मेटिडी कुलात, रोएवर यांच्या अनेक प्रजाती एकत्र करून मोजक्या मोठ्या प्रजातींत कोंबल्या. लक्षणे बदलती आहेत हे त्यांचे निरीक्षण बरोबर होते. परंतु जुनी लक्षणे टाकून देताना त्यांनी नवे लक्षण पुढे आणले नाही, त्यामुळे खणांची संख्या कमी झाली, एवढाच फरक पडला.

खरा बदल घडला तो वेगळे काहीतरी पाहू लागल्यामुळे. हार्वेस्टमन नरांना खरे जननेंद्रिय असते, जे कोळ्यांत नसते. त्याची सूक्ष्म रचना जातीगणिक निश्चित असून काट्यांइतकी व्यक्तीगणिक बदलत नाही. शिल्हावी या चेक आणि मार्टेन्स या जर्मन अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या अवयवाचे महत्त्व प्रस्थापित केले. रोएवर यांनी तो वर्गीकरणासाठी वापरला नव्हता. त्यानंतर ब्राझीलमधील आद्रियानो कुरी, रिकार्दो पिंटो-द-रोशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जातिवृत्ताच्या आधुनिक पद्धतीने कुलाची फेरमांडणी हाती घेतली. १९९४ मध्ये क्रॅनाइडी हा गट गोनिलेप्टिडीतून वेगळा कुल म्हणून मान्य झाला. २००३ मध्ये कुरी यांची नव्या जगातील लॅनियाटोरेस उपगणाची सटीप सूची आली. आजही ती या विषयातील प्रत्येकाच्या हाताशी असते. ट्रायकोमॅटिनी हा लहानखुऱ्या प्राण्यांचा गट रोएवर यांनी १९१२ मध्ये फॅलँगोडिडी या कुलात घातला होता. पुढे तो गोनिलेप्टिडीत आला, आणि २०१४ मध्ये कुरी यांनी त्यास क्रिप्टोजिओबिइडी हे स्वतंत्र कुलाचे स्थान दिले. हा गट इतका का उसळत राहतो, असा प्रश्नच त्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकात विचारला आहे. शोधनिबंधाच्या शीर्षकात इतका मोकळेपणा आपल्याकडील परीक्षकांनी खपवून घेतला असता का, ही शंका येथे नोंदवून ठेवतो.

त्याच २०१४ वर्षी पिंटो-द-रोशा व सहकाऱ्यांनी अनेक जनुकांच्या आधारे कुलाचा वंशवृक्ष प्रसिद्ध केला. त्यात पॅकिलिनी हे सर्वांत मोठे उपकुल एका पूर्वजापासून आलेले नाही, असे दिसून आले. गोनिलेप्टिनीचीही तीच गत. पॅकिलिनी म्हणजे ज्यांना विशेष असे काही नाही त्या सर्वांचे उपकुल, असा अर्थ व्यवहारात झाला होता. ‘डिस्कोसर्टस’ ही त्यातील प्रजाती तर सूत्र जुळले की आत घ्यावयाची धर्मशाळाच बनली होती. तिचे विघटन गेली काही वर्षे हप्त्याहप्त्याने चालू आहे. २०१८ मधील अशाच एका निबंधात कार्वाल्यो आणि कुरी यांनी एक नवे उपकुल स्थापन केले, आणि मेलो-लेइतांव यांनी १९२३ मध्ये रोएवर यांच्या सन्मानार्थ नाव दिलेल्या प्रजातीवरून नामकरणाच्या नियमांनुसार त्याचे नाव ‘रोएवेरिइनी’ झाले. रोएवर यांच्या चौकटीचा एक भाग मोडून जे उभे राहिले त्यावर त्यांचेच नाव आहे.

रोएवर यांच्या बाजूने

येथवरच्या विवेचनावरून रोएवर यांचा ग्रंथ टाकाऊ ठरतो काय? प्रस्तुत लेखकाचे मत तसे नाही. ‘वेबरक्नेख्टे’ हे वर्गीकरण म्हणून फसले, परंतु ओळख पटविण्याचे साधन म्हणून ते आपल्या काळात अपूर्व होते. त्यापूर्वीची वर्णने पाच-सहा भाषांतील नियतकालिकांत विखुरलेली होती. रोएवर यांनी ती एका ठिकाणी, एका क्रमाने, एकाच प्रश्नावलीची उत्तरे दिल्याप्रमाणे मांडली. त्यांचे निकष चुकीचे असले तरी उघड आहेत. म्हणूनच ते तपासता आले आणि खोटे ठरविता आले. ‘एकंदर ठेवणीवरून’ प्रजाती ठरविणाऱ्या समकालीनांची चूक दाखविणे याहून कितीतरी कठीण होते. दोष असा की, तक्ता आणि वंशवृक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे भान ग्रंथात कोठेही दिसत नाही. तक्त्याला सोय हवी. वृक्षाला इतिहास हवा. रोएवर यांनी सोयीलाच इतिहास मानले आणि वाचकांनीही पन्नास वर्षे तसेच मानले.

एका बाबतीत मात्र त्यांचा बचाव करता येत नाही. फोन हेल्फर्सन आणि मार्टेन्स यांनी १९७२ मध्ये रोएवर यांच्या संग्रहातील चुकीच्या स्थळनोंदींवर स्वतंत्र निबंधच प्रसिद्ध केला. काट्यांची संख्या चुकीची असेल तर नमुना पुन्हा पाहून ती दुरुस्त करता येते. स्थळ चुकीचे असेल तर नमुना पाहून काहीच कळत नाही. सूत्र काटेकोरपणे लिहिणाऱ्या हाताने चिठ्ठी मात्र सैलपणे लिहावी, यात एक प्रकारची सुसंगती आहे. ज्या पद्धतीत प्राण्याचे नाते त्याच्या स्थळाशी जोडलेच जात नाही, तिच्यात स्थळ दुय्यम ठरणारच.

रिओ येथील आग आणि वर्णनाचे मोल

वर्गीकरणशास्त्रात प्रत्येक जातीचे नाव एका विशिष्ट नमुन्याशी बांधलेले असते. त्यास प्ररूप नमुना म्हणतात. वर्णन कितीही अपुरे असो, प्ररूप नमुना संग्रहालयात सुरक्षित असेल तोवर ती जाती नेमकी कोणती हे पुन्हा ठरविता येते. रोएवर यांचा संग्रह आज फ्रांकफुर्ट येथील सेंकेनबर्ग संग्रहालयात आहे आणि त्यांच्या चुका दुरुस्त करण्याचे बरेचसे काम त्या कुप्या उघडूनच झाले आहे.

मेलो-लेइतांव यांच्याबाबत हे भाग्य लाभले नाही. १८१८ मध्ये स्थापन झालेले रिओ दी जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय आपल्या द्विशताब्दीच्या वर्षी, २ सप्टेंबर २०१८ रोजी, आगीत भस्मसात झाले. ॲरॅक्निडा वर्गाच्या संग्रहाचा फार मोठा भाग त्यात नष्ट झाला. ज्या जातींचे प्ररूप नमुने त्यात जळाले त्यांच्यापुरते आता मागे उरले ते छापील शब्द आणि काही आकृत्या. ज्या प्राण्यांचा पूर्वी कोणी नव्याने अभ्यास करून जननेंद्रियाची चित्रे काढून ठेवली होती ते वाचले असे म्हणता येईल. परंतु ज्यांच्याविषयी ‘टार्ससचे तुकडे सहा, तिसऱ्या पट्ट्यावर काट्यांची जोडी, बाकी नि:शस्त्र’ एवढेच लिहिलेले आहे, त्यांचे काय? या वर्णनात बसतील असे अनेक प्राणी त्याच डोंगरावर असू शकतात. आंतरराष्ट्रीय नामकरण-संहितेनुसार मूळ स्थळाजवळून नवा नमुना घेऊन त्यास जुन्या नावाचा प्ररूप म्हणून नियुक्त करता येते. मात्र त्यासाठी ते अरण्य शिल्लक असावे लागते, आणि मूळ स्थळ खरे असावे लागते. सूत्रबद्ध वर्णनपद्धतीवरील हा सर्वांत कठोर आक्षेप आहे, आणि तो कोणा टीकाकाराने घेतलेला नाही.

आधुनिक संशोधनाविषयी एक तक्रार

नव्या संशोधकांनाही एक गोष्ट विचारणे आवश्यक आहे. रेणवीय वंशवृक्ष हे सांगतो की पॅकिलिनी एकसंध नाही. ते मान्य. परंतु त्या वृक्षावरील प्रत्येक नव्या शाखेला डोळ्यांनी ओळखता येईल असे लक्षण दिले जातेच असे नाही. महाविद्यालयातील अध्यापकाजवळ द्विनेत्री सूक्ष्मदर्शी असतो; जनुकक्रम काढण्याची सोय नसते. अशा वेळी हातात घेण्याजोगा तक्ता पुन्हा रोएवर यांचाच उरतो आणि शंभर वर्षांपूर्वीचे खण विद्यार्थ्यांच्या नोंदवह्यांत जिवंत राहतात. २००७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केलेल्या हार्वेस्टमनविषयक ग्रंथातील कुलांचे तक्ते ही उणीव काही प्रमाणात भरून काढतात, पण कुलाच्या पातळीपर्यंतच. त्याखाली उतरले की वाचक एकटा पडतो.

भारतीय संदर्भ

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. ॲसामिइडी हे चारशेहून अधिक जातींचे कुल आफ्रिका, दक्षिण आशिया, आग्नेय आशिया ते उत्तर ऑस्ट्रेलिया असे पसरलेले आहे. डॅनिश अभ्यासक सोरेन्सन यांनी १८८४ मध्ये त्यास दिलेले नाव आपल्या आसामवरून आले आहे. या कुलाची मांडणी रोएवर यांनी १९१२ मध्ये केली आणि १९३५ मध्ये ती वाढविली. तीच सूत्रे, तीच टार्ससची मोजणी, तेच एका जातीचे खण. आग्नेय आशियातील शाखांविषयी २०२३ मध्ये रेणवीय अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. परंतु गोनिलेप्टिडीला ज्या प्रकारची पिढ्यान्‌पिढ्यांची स्थानिक फेरतपासणी लाभली ती या कुलाच्या भारतीय जातींना लाभलेली नाही. आपल्याकडील नोंदयाद्यांत उपकुलांचा सांगाडा आजही १९३५ चाच दिसतो. ब्राझीलमध्ये तो सांगाडा कोणी मोडला, तर त्याच देशातील अध्यापकांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी, आपल्याच डोंगरांवरचे नर आणि मादी एकत्र गोळा करून.

घाटातला तो नमुना अल्कोहोलच्या कुपीत प्रस्तुत लेखकाजवळ आहे. तो नर आहे. त्याच्या चिठ्ठीवर प्रजातीचे नाव लिहिलेले नाही. स्थळ, उंची, दिनांक, दगडाखाली की झाडावर, आणि दोन्ही पायांच्या दोन्ही संख्या लिहिल्या आहेत. जननेंद्रियाची आकृती काढावयाची आहे, आणि त्याच जागेवरची मादी अद्याप मिळालेली नाही.